'पूल धोकादायक आहे' : फलक लागला, पुढं काय?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

आमच्या भागात, सांगली जिल्ह्यात, एका ओढ्यावर जुना पूल आहे. पावसाळ्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना फलक लागले. "पूल कमकुवत झाला आहे. अवजड वाहनांस बंदी. आपल्या जबाबदारीवर वापर करावा." पावसाळा सरला, दिवाळी झाली, कारखान्यांचे बॉयलर पेटले. आता त्याच फलकाला घासून दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर चाललेत. दोन्ही ट्रॉल्या मिळून वीसेक टन ऊस सहज असतो.

मला त्या 'आपल्या जबाबदारीवर'चा अर्थ कुणीतरी सांगा. स्कूटर घालण्याआधी मी पुलाखाली उतरून खांब ठोकून बघायचे का?

असाच फलक मावळात कुंडमळ्यालाही होता. १५ जून २०२५, रविवार. इंद्रायणीवरचा तो लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीनं कोसळला, चार जण गेले, पन्नासच्या वर जखमी झाले. पूल धोकादायक आहे हे सगळ्यांना माहीत होतं. नवा पूल मंजूर होता. फक्त जुना पूल बंद केलेला नव्हता आणि नवा उभा नव्हता, आणि माणसं त्या मधल्या काळात सापडली.

तर चर्चेसाठी प्रश्न असा, की फलक लागल्यावर सरकारी पातळीवर पुढं नक्की काय होतं? काही होतं का? पूल कुणाचा, हे सामान्य माणसानं कसं ओळखायचं? जाणकारांनी लिहावं. 'या देशात काहीच होणार नाही' छापाचे प्रतिसाद आधीच गृहीत धरलेत, ते टंकायचे कष्ट घेऊ नका.

खडूस_पुणेकर

इंग्रजांनी बांधलेल्या पुलांचं आयुष्य संपलं की लंडनहून पत्र येतं म्हणे. आपल्याला तेवढं जमलं तरी पुष्कळ.

मोजमाप

खडूस, ती पत्राची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक दगडी पुलाबद्दल सांगतात. सार्वजनिक बांधकाम खात्यात माझी उभी हयात गेली, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. असं पत्र मी पाहिलं नाही आणि ज्यानं पाहिलंय असा माणूसही भेटला नाही. त्या गोष्टीनं एक नुकसान मात्र केलंय. पुलाला औषधाच्या बाटलीसारखी मुदत असते आणि ती संपली की तो पडतो, असा समज लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय.

वयाचं म्हणाल तर सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. गुजरातेत महिसागर नदीवरचा गंभीरा पूल १९८५ चा, तो ९ जुलै २०२५ ला पडला आणि वीसेक माणसं गेली. म्हणजे चाळिशीतला पूल पडला आणि नव्वदी ओलांडलेला उभा आहे. तेव्हा 'किती जुना' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, 'पाणी कुठं मुरतंय?'

दगडी कमानीचा पूल फक्त दाब सोसतो. त्यात लोखंड नाही, त्यामुळं गंजायला काही नाही. तो मरतो तीन गोष्टींनी. एक, पुराच्या पाण्यानं पायाखालची माती-वाळू खणून नेली की. याला आम्ही स्कावर म्हणतो, आणि तो वरून कधीच दिसत नाही. दोन, सांध्यांमधला चुना धुऊन गेला की. तीन, पिंपळ आणि उंबर. पक्षी बी टाकतो, दर्जात म्हणजे दगडांच्या सांध्यात कोंब येतो, पहिल्या वर्षी तो दोन बोटांनी उपटता येतो. दहा वर्षांनी तेच मूळ घडीव दगड बाजूला सारतं. तिन्हींवर उपाय स्वस्त आहेत. कोंब उपटणे, दर्जा भरणे, पावसाळा संपला की पायाशी खड्डा पडलाय का बघून तिथं दगड टाकणे. यातल्या कशालाही मंत्रालयात जावं लागत नाही.

आरसीसी, म्हणजे आत सळई घातलेल्या काँक्रीटच्या पुलाचं उलट. वरचं पाणी बाहेर टाकायला पुलाच्या कडेला नळ्या असतात. त्यांची तोंडं मातीनं आणि डांबरानं बुजतात. पाणी साचतं, एक्स्पान्शन जॉइंटमधून, म्हणजे पुलाच्या दोन भागांमधल्या फटीतून खाली झिरपतं, नेमकं गर्डरच्या (आडव्या तुळईच्या) टोकावर आणि ती ज्यावर टेकते त्या बेअरिंगवर. सळई गंजते. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतं, म्हणून वरचं काँक्रीट फुगून ढलप्या पडतात. मग वर्तमानपत्रात फोटो येतो, 'पुलाच्या सळया उघड्या'. त्या फोटोच्या आधी दहा-बारा पावसाळे नळी बुजलेली असते.

ती नळी मोकळी करायला पूर्वी मैलकुली होता. रस्त्याचा ठरावीक तुकडा त्याच्याकडं, घमेलं, फावडं, आणि त्या तुकड्यातल्या प्रत्येक मोरीची त्याला ओळख. 'सायेब, तिसऱ्या मोरीचा दगुड हाललाय' असं तोच येऊन सांगायचा. ती माणसं निवृत्त होत गेली, जागा भरल्या नाहीत. आता सगळं निविदेनं. आणि नळ्या मोकळ्या करायची निविदा कोण काढणार?

फलकाबद्दल उद्या लिहितो, मोबाईलवर टंकून बोटं दुखली.

तिरफळ

मोजमाप काकांच्या 'वय नव्हे, पाणी' ह्या मुद्द्याला गोव्यातून +१००.

पणजीचा मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला. तेव्हा तो दोन दशकांचासुद्धा धड झाला नव्हता. तोही काँक्रीटचा, आतल्या ताणलेल्या केबल खाऱ्या हवेनं गंजल्या. पुढची काही वर्षं पणजी-बेती सगळा व्यवहार फेरीबोटीवर. माझी आई नोकरीला तशीच जायची, पावसात छत्री धरून फेरीत उभी. नवा पूल झाला ९० च्या दशकात.

झुआरीचा पूल १९८३ चा. मांडवीचा धडा समोर असल्यामुळे असेल, तो पडायची वाट बघितली नाही. अवजड गाड्या कैक वर्षं बंद ठेवल्या, आणि बंद म्हणजे खरोखर बंद, वळसा घालून बोरीमार्गे जा. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली. ट्रकवाल्यांनी शिव्या दिल्या असतील, पण पूल माणसं घेऊन पाण्यात गेला नाही.

एसटीप्रेमी

सावित्रीचा विषय निघणारच, म्हणून लिहितो. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा जुना दगडी कमानींचा पूल पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी त्यात गेल्या, शिवाय खाजगी गाडी. वडील महामंडळात ड्रायव्हर होते, कोकणातल्याच डेपोला. त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही.

वडील एकच म्हणाले ते सांगतो. मुसळधार पावसात रात्री हेडलाइटला समोर पाण्याची भिंत दिसते, त्यापलीकडं रस्ता आहे की नाही हे ड्रायव्हरला कळतच नाही. पूल गेलाय हे कळायची एकच पद्धत होती, ती म्हणजे त्याच्यावर जाणं. म्हणून पूर आला की पुलावर माणूस उभा हवा. यंत्र नंतर लावा.

आणि शेजारी नवा पूल होता हो! एका दिशेची वाहतूक नव्या पुलावरून, दुसऱ्या दिशेची जुन्यावरून. त्या रात्री नदी फुगलेली दिसत असताना दोन्ही बाजूंची वाहतूक नव्या पुलावर वळवायला काय लागलं असतं? दोन बॅरिकेड आणि एक होमगार्ड.

शेवग्याची_शेंग

मला एक कळत नाही. कुंडमळ्याला फलक होता, तरी लोक दुचाक्या घेऊन पुलावर गेले, सेल्फी काढत उभे राहिले. सरकारनं प्रत्येकाच्या मागे पोलीस ठेवायचा का? आपली काहीच जबाबदारी नाही?

कृष्णाकाठ

शेंगताई, पूल धोकादायक ठरला तर पुलाच्या तोंडाशी भिंत घाला. चर खणा. रस्त्यात दोन मोठे दगड टाकले तरी चालेल. फलक लावून वाट उघडी ठेवणं याचा अर्थ एवढाच, की उद्या चौकशी झाली तर 'आम्ही सूचना दिली होती' हे कागदावर यावं. फलक प्रवाशासाठी नाही, फाईलसाठी आहे.

शेवग्याची_शेंग

आणि पलीकडच्या गावानं जायचं कुठून? वाट बंद केली की तेच लोक दुसऱ्या दिवशी रास्ता रोको करतात. मी गावातच राहते, बघितलंय. शाळेची मुलं, दूध संस्थेची गाडी, बाळंतीण, सगळं त्याच पुलावरून. तुम्ही भिंत घातली तर लोक ती रात्रीतून पाडतील. तेव्हा फक्त अधिकाऱ्यांना झोडपून भागणार नाही.

रांगडा_कोल्हापुरी

शेंगताईंचं खरं हाय, पण मग पर्यायी वाट करून द्या आणि मग बंद करा की राव. आमच्याकडं निम्मी खेडी केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यावरून ये-जा करत्यात. बंधारा पाटबंधारे खात्याचा, बरगे घालून पाणी अडवायला बांधल्याला. त्याच्यावरनं वाहतूक व्हावी असं बांधणाऱ्याच्या मनातबी नव्हतं. पण जवळची वाट म्हणून बैलगाडी गेली, मग ट्रॅक्टर, मग एसटी. आता पडला तर कुणाचा? बांधकाम म्हणणार आमचा न्हाई, पाटबंधारे म्हणणार आम्ही रस्ता बांधलाच न्हाई. दर पावसाळ्यात पेपरात येतं बघा, 'राजाराम बंधाऱ्यासह इतके बंधारे पाण्याखाली'. वाचणाऱ्याला वाटतं बंधारे बुडाले. आम्हाला कळतं की वाटा बुडाल्या.

आता पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाचं सांगतो. एकोणिसाव्या शतकातला दगडी पूल, कमानी अजून खणखणीत. शेजारी पर्यायी पूल मंजूर झाला, काम सुरूबी झालं, आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीमुळं पुरातत्त्वाच्या कायद्यात अडकलं. अर्धा पूल वर्षानुवर्षं नुसता उभा. आंदोलनं झाली, दिल्लीपर्यंत लोक गेले. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून येणारी मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून नदीत गेली. १३ जण गेले. पूल पडला न्हाई, हे लक्षात घ्या. कठडा बैलगाडीच्या काळातला, त्यानं मिनीबस काय अडवणार?

म्हणून ऑडिटमध्ये 'पूल सुस्थितीत' असं आलं की मी विचारतो, कठडा कसाय, दिवा हाय का, पुलाच्या तोंडाला वळण हाय का.

पिट्सबर्गकर

मी इथं अमेरिकेत पिट्सबर्गला असतो. एरवी 'आमच्याकडे बघा कसं' म्हणणाऱ्या अनिवासींचा मलाही कंटाळा येतो, त्यामुळे इथलं अपयशच सांगतो.

२८ जानेवारी २०२२ ला सकाळी आमच्या गावातला फर्न हॉलो पूल दरीत कोसळला. वर शहर बस होती. नशिबानं कुणी दगावलं नाही. गंमत म्हणजे त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बायडेन पायाभूत सुविधांवर भाषण द्यायला याच शहरात येणार होते. आले, आणि पडलेला पूल बघून गेले.

हा पूल १९७० च्या दशकातला, पोलादी पायांचा. तपासणी अगदी नियमानं होत होती. १९६७ मध्ये ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडून ४६ माणसं गेली, त्यानंतर इथं देशभर पुलांच्या नियमित तपासणीची पद्धत आली, साधारण दर दोन वर्षांनी. प्रत्येक पुलाला ० ते ९ असे गुण, आणि ते कुणालाही बघता येतात. फर्न हॉलो कित्येक वर्षं 'वाईट' या वर्गात होता. अहवालात पुन्हा पुन्हा एकच लिहिलेलं, की पाणी जाण्याच्या वाटा तुंबल्यात, पायांशी कचरा साचून पोलाद गंजतंय, साफ करा. शहरानं ते केलं नाही. पुढे राष्ट्रीय चौकशी यंत्रणेनं नेमकं हेच कारण दिलं.

मोजमाप काकांची बुजलेली नळी वाचून मी म्हणूनच दचकलो. तीच नळी इथेही होती.

खडूस_पुणेकर

म्हणजे आपण अमेरिकेच्या बरोबरीला आलो. पेढे वाटा.

संपादक

दोन राजकीय प्रतिसाद आणि त्यावरची उत्तरं काढून टाकली आहेत. कोणाच्या सरकारात कोणता पूल पडला याची यादी इथे नको. विषयावर लिहा.

ऑडिटवाला

मी स्ट्रक्चरल ऑडिट करतो, खाजगीत. नाव-गाव सांगणार नाही, पोटाचा प्रश्न आहे.

मोठी दुर्घटना झाली की चार दिवसांत आदेश निघतो, 'राज्यातल्या सर्व पुलांचं ऑडिट करा'. २०१६ ला निघाला, नंतरही निघत राहिला. आदेश निघतो तेव्हा प्रश्न असतो पुलांचा. खाली येईपर्यंत तो अहवालांच्या संख्येचा होतो. महिन्याभरात इतके अहवाल सादर करा. त्याची निविदा सर्वांत कमी दराला. त्या दरात मी पुलाखाली जायची क्रेन आणू शकत नाही. मग काय होतं? किनाऱ्यावरून, मोबाईलनं झूम करून फोटो. 'खांब क्र. ३ : सुस्थितीत.' खांब क्र. ३ पाण्यात आहे, त्याचा पाया कुणीच बघितलेला नाही.

नीट तपासणी म्हणजे हातोडा घेऊन हाताच्या अंतरावरून बघणं. बेअरिंगपाशी शिरणं, तिथं वटवाघळं, साप, कबुतरांची विष्ठा. रिबाऊंड हॅमर, अल्ट्रासोनिक चाचणी, सळई गंजतेय का ते बघायची हाफ-सेल चाचणी, लागलं तर कोअर (काँक्रीटचा नळीसारखा नमुना) काढणं. पाण्यातल्या पायासाठी पाणबुड्या. शंका असेल तर प्रत्यक्ष भार ठेवून पूल किती वाकतो आणि भार काढल्यावर किती परत येतो हे मोजणं. आयआरसीची (इंडियन रोड्स काँग्रेसची) पुस्तकं आहेत, सगळं लिहून ठेवलंय. पैसे आणि वेळ यांचं काय, ते मात्र त्यात नाही.

मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ ला पडला. त्याचंही ऑडिट झालेलं होतं आणि त्यात तो वापरायला ठीक ठरला होता.

आता एक गोष्ट जी कुठल्याच बातमीत येत नाही. पुलावरचं डांबर. रस्त्याचं नूतनीकरण करताना ठेकेदार पुलावरही नवा थर चढवून पुढं जातो, जुना थर खरवडत नाही. २० मीटरचा एक गाळा (दोन खांबांमधला भाग), साडेसात मीटर रुंद. त्यावर ५० मिलिमीटरचा थर म्हणजे साडेसात घनमीटर डांबर, वजन सुमारे १७ टन. असे तीन थर चढले की पुलाच्या पाठीवर ५० टन कायमचे बसले. रात्रंदिवस, गाडी असो वा नसो. शिवाय रस्ता वर आल्यानं कठडा तेवढा बुटका होतो आणि नळ्या बुजतात त्या वेगळ्याच. तुमच्या गावच्या पुलाचा कठडा गुडघ्याइतका झाला असेल तर समजा, किती थर बसलेत.

वरून २०१८ मध्ये केंद्रानं ट्रकचं कायदेशीर वजन वाढवलं. एका आसावर (ॲक्सलवर) १०.२ टन होतं ते ११.५ झालं, तीन आसांच्या ट्रकला २५ चं २८.५. हे 'कायदेशीर'. वाळूचे डंपर कायद्यानं भरतात असं कुणी म्हणत असेल तर त्याला माझा नमस्कार.

तिरफळ

ऑडिटवाले, डांबराचा हिशेब वाचून थक्क. हे आधी कुणीच कसं सांगितलं नाही?

आणि वाळू डंपरनं पूल वरून दाबतेच, पण खालूनही पोखरते. पुलाजवळ वाळूउपसा झाला की नदीचा तळ खाली जातो, पाया उघडा पडतो. कोकणातल्या खाड्यांमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही. रायगड-रत्नागिरी जोडणारा आंबेतचा पूल आठवा. मोठी दुरुस्ती करून उघडला, पुन्हा बंद करावा लागला, आणि लोक परत फेरीबोटीवर.

मोजमाप

फलकाबद्दल लिहायचं राहिलं होतं.

पूल कुणाचा ते आधी. ढोबळमानानं राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडं, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडं, शहरात महापालिका किंवा नगरपालिका, राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे. रस्ता वर्गोन्नत झाला की पूल एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडं जातो. रस्ता जातो, पण पुलाची नस्ती (फाईल) जात नाही. मूळ नकाशा, पाया किती खोल, कुठल्या भाराला बांधला, कधी काय दुरुस्ती केली, हे सगळं जुन्या कार्यालयाच्या माळ्यावर राहतं आणि तिथं वाळवी लागते. मग नवा माणूस ऑडिटला जातो तेव्हा पुलाचा पाया खडकावर आहे की वाळूत, हेच ठाऊक नसतं. सावित्रीनंतर २०१६ च्या ऑक्टोबरात केंद्रानं महामार्गांवरच्या पुलांची संगणकीय नोंद सुरू केली, प्रत्येकाला क्रमांक दिला, गुण दिले. चांगलंच झालं. पण ते महामार्गांचं. कृष्णाकाठ यांचा ओढ्यावरचा पूल त्यात येणार नाही.

तपासणी वर्षातून दोनदा असते, पावसाळ्याआधी आणि नंतर. पावसाळ्याआधीची सगळे करतात, कारण तिची विचारणा वरून होते. खरी महत्त्वाची नंतरची. पूर ओसरल्यावर पायाशी काय झालं ते तेव्हाच दिसतं. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

आता पैसा. खात्यात दोन लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाची खाती, सगळ्यांना पाठ असतात. ५०५४ म्हणजे नवं बांधकाम, ३०५४ म्हणजे देखभाल. पुढाऱ्याला ५०५४ हवं असतं, नारळ फोडता येतो, कोनशिला बसते, नाव कोरलं जातं. नळी मोकळी केल्याची कोनशिला नसते. ३०५४ मध्ये जे येतं ते बहुतेक खड्ड्यांवर संपतं, कारण खड्ड्यांसाठी लोक ओरडतात. पुलाच्या बेअरिंगसाठी मोर्चा निघाल्याचं ऐकलंय का कुणी? सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये सुरू झाला. करायचं ठरवलं तर आमच्या खात्याला येतं. पण ते ठरायला तो पूल आधी जावा लागला.

फलकाचं असं. कनिष्ठ अभियंत्याला पूल वाईट दिसला की तो वर कळवतो. संकल्पचित्र मंडळाकडून (खात्याच्या डिझाइन कार्यालयाकडून) अभिप्राय, सल्लागार, अंदाजपत्रक, मान्यता, निविदा, यात दोन पावसाळे जातात. तोवर त्याच्या हातात जे आहे ते तो करतो, म्हणजे पेंटरला बोलावतो. वाहतूक बंद करायचा अधिकार त्याचा नाही, तो जिल्हाधिकारी किंवा पोलिसांकडं जातो. म्हणून कृष्णाकाठ म्हणतात ते खरं, फलक फाईलसाठी असतो. पण तो लावणारा बहुतेक वेळा एकटा पडलेला माणूस असतो, एवढंही लक्षात ठेवा.

शेवग्याची_शेंग

काका, मग उंची अडवणारी लोखंडी कमान का लावत नाहीत? दुचाकी, रिक्षा, रुग्णवाहिका जाईल, ट्रक जाणार नाही. लोकांचीही अडचण नाही.

मोजमाप

लावतात आणि चालतंही. दोन अडचणी. एसटी जात नाही, त्यामुळं गाव ओरडतं. आणि ऊस भरलेली ट्रॉली एका धडकेत ती कमान वाकवते. तरीही फलकापेक्षा शंभर पटीनं बरी. ग्रामपंचायतीनं ठराव करून मागितली तर लवकर मिळते, कारण मग 'लोकांची अडचण' हे कारण उरत नाही.

कृष्णाकाठ

हे उपयोगाचं. ठरावासाठी सरपंचांशी बोलतो. त्याआधी पूल कुणाचा आणि अहवालात काय आहे ते हातात हवं. माहिती अधिकारात काय मागू?

ऑडिटवाला

'पुलाची माहिती द्या' असं लिहिलंत तर 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेलं. नेमके कागद मागा. रस्त्याचा क्रमांक आणि पुलाचा साखळी क्रमांक (रस्त्यावर तो कितव्या किलोमीटरला आहे ते) लिहा. गेल्या तीन वर्षांचे पावसाळ्यापूर्वीचे आणि नंतरचे तपासणी अहवाल, नंतरचे विसरू नका. फलक ज्या पत्राच्या आधारे लावला त्याची प्रत. आणि फलकानंतर वरिष्ठांशी झालेला पत्रव्यवहार. शेवटच्या मागणीतच तुमच्या धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर असेल.

मोजमाप

साखळी क्रमांक किलोमीटरच्या दगडावरून मोजता येईल, नाहीतर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. ऑडिटवाल्यांनी सांगितलेलं तेवढ्यात बसतं. प्रती मागण्याऐवजी आधी नस्ती पाहायला मागा, पहिला तास फुकट असतो. जाताना कुणाला तरी बरोबर न्या, पानं उलटायला एक आणि लिहून घ्यायला एक.

कृष्णाकाठ

अर्ज लिहून झाला, शब्द १३८. टपालानं पाठवू की हाती देऊ?

रांगडा_कोल्हापुरी

हाती द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्क्यासकट. स्टॅम्प आधी घेऊन ठेवा, तिथं गेल्यावर नेमके संपल्याले असत्यात.